सुपेल्याचा नकाशा काढणाऱ्या भाचीस

सुपेला, भिलाई
मेअखेर

चि. मुक्ता,

तू पाठवलेला आराखडा मोठ्या कागदावर छापून घेतला आणि जेवणाच्या टेबलावर अंथरून सावकाश वाचला. मेहनत दिसते. सायकलचा मार्ग, झाडांच्या रांगा, पार्किंग, बाजाराची नवी दुमजली इमारत, सगळं नेटकं आहे. तरी वाचून जे वाटलं ते स्पष्ट लिहिते, कारण काम अजून कागदावर आहे आणि बदल करायची सोय तेवढ्यापुरतीच असते. हा सुपेल्याचा आराखडा वाटत नाही. सुपेला उचलून तिथे भिलाई स्टील प्लांटच्या टाउनशिपचा आणखी एक सेक्टर बसवावा, असा वाटतो.

सेक्टरबद्दल माझ्या मनात माया आहे, हे तुला माहीत आहे. तुझे आजोबा यवतमाळहून इथे आले, प्लांटमध्ये लागले आणि आम्ही भावंडं क्वार्टरच्या अंगणात वाढलो. शाळा चालत जाण्याच्या अंतरावर, दवाखाना जवळ, रस्त्याच्या दोन्ही कडांना झाडं, नळाला पाणी. कोणतं घर कोणत्या स्ट्रीटवर, हे पोस्टमनला विचारावं लागत नसे. २ फेब्रुवारी १९५५ रोजी दिल्लीत सोव्हिएत संघाशी करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं. एवढ्या थोड्या वर्षांत भाताच्या शेतांतून कारखाना उभा राहिला आणि त्याच्या शेजारी माणसांना माणसासारखं राहता येईल असं गाव वसलं. देशाच्या त्या वयात ते मोठंच काम होतं आणि मी त्याला कधी हलकं म्हणणार नाही.

पण ते गाव कायम नोकरीवाल्यांसाठी आखलेलं होतं. ज्या रेजांनी, म्हणजे मजूर बायकांनी, आणि मजुरांनी पाया खणला, गिलावा वाहिला, त्यांना तात्पुरत्या छावण्या मिळाल्या. काम संपलं की माणसं परत जातील, असा हिशेब असावा. माणसं गेली नाहीत. कॅम्प १ आणि कॅम्प २ ही नावं आजही तशीच आहेत. खुर्सीपार, छावणी, जी. ई. रोडच्या कडेचा आपला सुपेला, हे सगळं त्या हिशेबाबाहेरचं शहर आहे. ते लोकांनी स्वतः बांधलं, एका वेळी एक भिंत, हातात पैसा आला तशी. ऐंशीच्या दशकात खाणींसह कायम कामगारांची संख्या साठ हजारांच्या पुढे होती. ती पुढे निम्म्याहून खाली आली आणि त्यांची कामं ठेक्यावर गेली. म्हणजे सेक्टरमध्ये क्वार्टर रिकामी पडू लागली आणि प्लांटचं काम करणारा माणूस सुपेल्यात किंवा कॅम्पात भाड्याच्या खोलीत राहू लागला. तू ज्याला कागदावर ‘अनियोजित क्षेत्र’ म्हटलं आहेस, तिथे या शहराचे निम्मे हात राहतात. तो शब्द काढून टाक, अशी माझी पहिली विनंती. नियोजन तिथेही आहे. फक्त ते करणाऱ्यांकडे ट्रेसिंग पेपर नव्हता.

मी आयुष्यभर नकाशाच्या कार्यालयात काढलं. रोट्रिंगची पेनं, अमोनिया प्रिंटचा डोळ्यांत जाणारा वास. आमच्याकडच्या शीटवर वस्तीच्या जागी बहुतेक वेळा मोकळा कागद असे. रस्ता वस्तीच्या कडेपर्यंत येई आणि थांबे. मोकळ्या कागदावर मग कोणीही काहीही काढू शकतं: बगिचा, व्यापारी संकुल, बस डेपो. वस्ती उठवायला बुलडोझर नंतर येतो, आधी ती नकाशावर कोरी केली जाते. म्हणून तुझ्या हातून पहिली गोष्ट व्हावी ती ही की सुपेल्याचं प्रत्येक घर, प्रत्येक सार्वजनिक नळ, प्रत्येक पायवाट कागदावर उमटावी, आणि ती मोजणी तिथल्या लोकांनी तुझ्याबरोबर करावी. १९८५ साली मुंबईत भायखळ्याच्या फुटपाथवर राहणाऱ्या बायकांची गणना अशीच झाली होती. ‘स्पार्क’ नावाची संस्था आणि त्या बायका यांनी मिळून ती केली. त्यांतूनच ‘महिला मिलन’ उभं राहिलं. पुढे त्या बायकांनी घर कसं हवं ते स्वतः ठरवलं आणि कापड-लाकडाची खऱ्या मापाची घरं उभी करून लोकांना दाखवली. चौदा फूट उंचीची खोली आणि आत माळा, ही कल्पना त्यांची. जमीन थोडी असेल तर माणूस वर कसा राहील, याचा विचार इंजिनिअरच्या आधी त्यांनी केला, कारण रोज दहा बाय दहामध्ये वावरण्याचा अनुभव त्यांच्याकडे होता.

आता बाजाराबद्दल, कारण तुझ्या आराखड्यातलं मला सगळ्यांत खटकलेलं पान ते आहे. रविवारचा बाजार तू ‘वाहतुकीतला अडथळा’ या सदरात टाकला आहेस आणि त्यावर उपाय म्हणून दुमजली इमारत दिली आहेस. मुक्ता, रविवारी आकाशगंगा परिसराकडून बाजारात शिरून बघ. कपडे, भांडी, चपला, प्लास्टिकच्या बादल्या आणि जमिनीवर मांडलेले भाजीचे पसरे. पसरा लावणाऱ्या बायका पहाटे आसपासच्या गावांतून निघतात. सेक्टरमधली गृहिणी आणि कॅम्पातली रेजा या शहरात एकाच ठिकाणी खांद्याला खांदा लावून उभ्या राहतात, ती जागा ही. पसरावाली पहिल्या मजल्यावर कशी जाणार? टोपली डोक्यावर, जिना अरुंद, आणि गिऱ्हाईक वर चढत नाही. वरचे गाळे मग ज्यांच्याकडे पैसा आहे त्यांना जातात आणि पसरावाली इमारतीच्या पायरीशी पुन्हा जमिनीवर बसते, या वेळी ‘अतिक्रमण’ म्हणून. असा शेवट झालेले बाजार किती तरी गावांत दिसतील.

पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. तुझ्या टेबलावर तो असायला हवा. सर्वेक्षण होऊन प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणाला उठवायचं नाही, असं तो सांगतो. नगर विक्रय समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी आपल्यातून निवडून दिलेले असावेत आणि त्यांत एक तृतीयांश स्त्रिया, असंही सांगतो. लोक जिथे पूर्वापार खरेदी-विक्रीला जमतात त्या ‘नैसर्गिक बाजारा’ला त्यात मान आहे, आणि पन्नास वर्षांहून जुना असा बाजार वारसा म्हणून जाहीर करावा, तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये, अशी तरतूद आहे. तेव्हा दुमजली इमारतीचं चित्र काढण्याआधी म्हाताऱ्या विक्रेत्यांकडून बाजाराचा इतिहास लिहून घे. कोण कधीपासून बसतं, आधी कोणाची आई बसायची, बाजार कुठून कुठपर्यंत सरकत आला. हे काम कोणी केलेलं मी पाहिलं नाही. ते झालं तर तुझ्या आराखड्यापेक्षाही जास्त दिवस टिकेल.

वाहतूक अडते हे खरंच आहे. ॲम्ब्युलन्स अडकली तर जीव जातो. पण त्याचा उपाय विक्रेत्यांना विचारून निघतो. रस्त्यावर किती फूट वाट मोकळी ठेवायची, रेषा कुठे मारायची, रेषेबाहेर गेलेल्याला कोणी टोकायचं, हे त्यांनी ठरवलं तर ते पाळतात, कारण दंडाच्या पावतीपेक्षा शेजारच्या पसरावालीचा डोळा जास्त कडक असतो. त्यांना हवं असतं साधंच: सावली, प्यायचं पाणी, बायकांसाठी स्वच्छ मुतारी, संध्याकाळी दिवा, आणि उरलेला भाजीपाला टाकायची ठरलेली जागा. बायकांच्या मुतारीचा मुद्दा पहिल्या पानावर घे. दिवसभर पाणी न पिता बसणाऱ्या बायका मी पाहिल्या आहेत, तेही आपल्याकडच्या मे महिन्यात.

आता बैठकांचं. ‘जनसहभाग’ या तुझ्या प्रकरणात अकरा वाजता सभागृहात सादरीकरण असं लिहिलंय. अकरा वाजता सुपेल्यात कोण मोकळं असतं? पहिल्या पाळीचा माणूस सकाळी सहाला गेलेला असतो, रात्रपाळीचा झोपलेला असतो, सेक्टरमध्ये धुणं-भांडी करणाऱ्या बायका कामावर असतात. उरतात दोन-चार म्हातारे, पार्षदाचा कार्यकर्ता आणि ज्याला ठेका हवा तो. सगळे माना डोलावतात, फोटो निघतो आणि ‘नागरिकांनी आराखड्याचं स्वागत केलं’ असं वृत्त येतं. मी अशी इतिवृत्तं टाइप झालेली पाहिली आहेत. त्यांतलं एकही वाक्य खोटं नसायचं आणि तरी सबंध कागद खोटा असायचा.

बैठक दोनदा घे, दुपारी बायका परतल्यावर आणि रात्री जेवणानंतर, आणि ती मोहल्ल्यात घे, मंदिराच्या ओट्यावर किंवा अंगणवाडीसमोर. पडद्यावर चित्रं दाखवू नकोस. खडूनं रस्त्यावर नकाशा काढ आणि खडू त्यांच्या हातात दे. छत्तीसगडी बोल. लहानपणी इथे येऊन तू शिकली होतीस, ती विसरली नसशील. ‘पानी कहाँ तक आथे, दाई?’ असं विचारलंस तर म्हातारी भिंतीवर हात लावून खूण दाखवेल, आणि ती खूण तुझ्या उपग्रहाच्या चित्रात नाही. मितानिनीला, म्हणजे वस्तीतल्या आरोग्य कार्यकर्तीला, सोबत घे. आशा कार्यकर्त्या देशात आल्या त्याच्या आधी, २००२ पासून, छत्तीसगडात मितानिन आहेत. कोणत्या घरात बाळंतीण आहे, कोण क्षयाचं औषध घेतंय, कोणाच्या घरी संडास असूनही पाण्याअभावी बंद आहे, हे तिला माहीत असतं. तिच्या वेळेचे पैसे मात्र तुझ्या अंदाजपत्रकात धर. सल्लागाराला मानधन आणि वस्तीच्या बाईला चहा, ही पद्धत मोडायला हवी.

एक गट बैठकीला येणारच नाही आणि त्याची काळजी मला सर्वांत जास्त आहे, तो म्हणजे भाडेकरू. वस्तीत ज्याचं घर तो बोलतो, पट्टा, म्हणजे जागेच्या हक्काचा कागद, मागतो. १९८४ साली, भिलाई मध्य प्रदेशात असताना, शहरी भूमिहीनांना पट्टे देण्याचा कायदा झाला, आणि त्या जोरावर हजारो कुटुंबं निर्धास्त झाली. चांगला कायदा होता. पण पट्टा घर ताब्यात असलेल्याला मिळतो. त्याच घराच्या मागच्या खोलीत ओडिशाहून, बिहारहून किंवा कवर्ध्याकडच्या गावातून आलेला ठेका मजूर राहतो, त्याचं नाव कुठल्याच यादीत नसतं. वस्ती सुधारली, नळ आला, नाली झाकली गेली, की भाडं वाढतं आणि तो आणखी बाहेर, आणखी वाईट खोलीत जातो. तुझं चांगलं काम त्याच्या मुळावर येऊ शकतं. म्हणून मोजणीत ‘घरमालक’ आणि ‘भाडेकरू’ असे वेगळे रकाने ठेव, भाडेकरूंची बैठक वेगळी घे आणि आराखड्यात स्वस्त भाड्याच्या खोल्यांसाठी जागा राख. टाउनशिपमध्ये रिकामी पडलेली क्वार्टर आहेत. जमीन प्लांटची असल्यामुळे तो विषय अवघड आहे, तरी तो लेखी मांडायला काय हरकत? मांडलेला प्रश्न फायलीत राहतो आणि कधीतरी कोणीतरी तो उघडतो.

वस्तीला देवघर समजू नकोस, हेही लिहायला हवं. तिथे दलाल आहेत, जातीचे कोपरे आहेत, दारू आहे, दोन-दोन डझन खोल्या भाड्यानं देणारे छोटे सावकार आहेत. नवरा बसला असेल तर बायको बोलत नाही. एखाद्या गटाचा पुढारी ‘आमची सगळ्यांची संमती’ असं म्हणाला तर ती त्याची एकट्याची समज. ज्यांच्या घरात पाणी शिरतं त्यांच्याकडून संमती घे. लोकांना विचारणं म्हणजे लोकांपुढे हात जोडणंही नव्हे. नाल्याच्या पात्रात घर असेल तर तिथे राहणं धोक्याचं आहे हे तुला त्यांना सांगावंच लागेल, तोंडावर, आणि पर्यायी जागा त्याच मोहल्ल्याजवळ दाखवून. शहराबाहेर चार मजली इमारतीत खोली दिली आणि रोजी इथे राहिली तर माणूस खोली विकून परत येतो. त्यात त्याची चूक नसते.

पावसाबद्दल थोडक्यात. कोसा नाल्याच्या कडेनं एकदा पावसाळ्यात चाल, नुसता उन्हाळ्यात नको. रेल्वेचा बांध आणि जी. ई. रोड या दोन उंच रेषा पाण्याची वाट अडवतात, मधली वस्ती खोलात राहते. त्यात दर डांबरीकरणाला मोहल्ल्यातला रस्ता चार बोटं वर येतो आणि घराचा उंबरा खाली जातो. जुना थर खरवडून मगच नवा घालायचा, एवढी एक ओळ निविदेत टाकलीस तरी अनेकांच्या घरात पाणी शिरायचं थांबेल. आणि तलाव बुजवू देऊ नकोस. छत्तीसगडात गाव तिथे तलाव असतो, तो निस्तारीचा, म्हणजे रोजच्या वापराचा, असतो, सगळ्यांचा असतो. सुशोभीकरण करताना त्याला चारही बाजूंनी सिमेंटची भिंत घालून पाणी येण्याची वाटच बंद करतात, मग बोअरनं तलाव भरतात. उन्हाबद्दल: पत्र्याच्या आणि सिमेंट शीटच्या छतांना पांढरा चुना किंवा पांढरा रंग दिला तर आतलं तापमान कमी होतं. अहमदाबादेनं २०१३ साली उष्णतेसाठी कृती आराखडा केला आणि नंतर त्यात अशी थंड छपरंही घेतली. सेक्टरमध्ये झाडं आहेत, सुपेल्यात ऊन आहे. झाडं लावायची तर पहिली इथे लावली पाहिजेत.

तुझे साहेब म्हणतील की लोकांना विचारत बसलो तर काम होणार नाही. त्यांना दल्ली-राजहऱ्याला घेऊन जा. आपल्या प्लांटचं लोहखनिज जिथून येतं त्या खाणींतल्या ठेका मजुरांनी, शंकर गुहा नियोगींच्या संघटनेत असताना, स्वतःच्या वर्गणीतून आणि श्रमातून शहीद हॉस्पिटल उभं केलं. १९७७ च्या गोळीबारात मेलेल्या कामगारांच्या आठवणीसाठी, ३ जून १९८३ रोजी ते सुरू झालं आणि अजून चालतं आहे. नियोगींचा १९९१ मध्ये इथेच भिलाईत खून झाला. पुढच्या वर्षी पॉवर हाऊस स्टेशनात रुळांवर बसलेल्या कामगारांवर गोळीबार झाला. त्या जखमा या शहरात आहेत. सुपेल्यातला माणूस अधिकाऱ्याच्या बैठकीला येताना कुठलं ओझं घेऊन येतो, ते तुला ठाऊक असावं म्हणून लिहिते. दुसरं उदाहरण अंबिकापूरचं दे. तिथे २०१५ पासून बचत गटांच्या बायका घरोघरचा कचरा गोळा करतात, वेगवेगळा करतात आणि विकतात. उघड्यावरच्या कचऱ्याचा डोंगर तिथून गेला. पुण्यात कचरावेचकांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था २००८ पासून महानगरपालिकेशी करार करून तेच करते. दोन्हीकडे शहरानं कामाबरोबर पैसा आणि अधिकारही दिला, म्हणून ते टिकलं.

पैशाचा मुद्दा शेवटी आला, पण तो खरा कळीचा आहे. ज्या बैठकीत पैसा वाटला जात नाही तिथे लोक दोनदाच येतात. पुण्यात २००६-०७ पासून नागरिक आपल्या प्रभागातली छोटी कामं अंदाजपत्रकात सुचवतात. त्यात उणिवा पुष्कळ आहेत, तरी एखाद्या बाईनं सुचवलेला दिवा लागला की ती पुढच्या वर्षी शेजारणीला घेऊन येते. ७४ व्या घटनादुरुस्तीनं तीन लाखांहून मोठ्या शहरांत वॉर्ड समित्या बंधनकारक केल्या आणि भिलाईची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत सव्वासहा लाखांच्या आसपास होती. तेव्हा उपकार मागायचे नाहीत. तुझ्या आराखड्यात एक ठरावीक रक्कम लिही, जी कुठे खर्च करायची ते मोहल्ल्याची सभा ठरवेल, आणि खर्चाचा हिशेब त्याच ओट्यावर हिंदीत लावला जाईल. रक्कम लहान असली तरी चालेल.

आणि पहिल्या बैठकीनंतर महिना-दीड महिन्यात एक काम करून दाखव. कोणतं, ते त्यांनाच ठरवू दे. नळाजवळचा चबुतरा असेल, अंधाऱ्या गल्लीतला दिवा असेल. दुसऱ्या बैठकीची सुरुवात पहिल्या बैठकीत कोण काय बोललं ते वाचून दाखवण्यानं कर, आणि जे होणार नाही ते ‘होणार नाही’ असं म्हण, कारणासकट. नकार लोक सहन करतात. त्यांना उत्तरच न मिळणं सहन होत नाही.

जूनच्या पहिल्या रविवारी ये, पाऊस सुरू व्हायच्या आधी. शनिवारी रात्रीच पोच, म्हणजे पसरे लागत असताना आपल्याला बाजारात असता येईल. साहेबांनाही आण. त्यांच्यासाठी वेगळी खोली आहे. येताना तुझा आराखडा आणू नकोस, फक्त सुपेल्याची कोरी बाह्यरेषा मोठ्या शीटवर काढून आण, तीन-चार प्रती. खडू, मोजपट्टी आणि वह्या मी इथे घेऊन ठेवते. मितानिन दीदीशी आणि बाजारातल्या दोघी-तिघींशी बोलून दुपारच्या बैठकीची वेळ ठरवते आणि तुला कळवते.

तुझी
आत्या